दोन शिंप्यांची स्पॅनिश तोंडी परीक्षा

माझा धाकटा भाऊ आणि मी एकाच टेबलावर काम करायचो आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. हे ऐकलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, अहो, पण धंदा कसा चालतो? उत्तम चालायचा. बोलबोलून बुडालेली दुकानं मी पाहिली आहेत, न बोलता बुडालेलं एकही पाहिलं नाही.

आमचं टेबल सात फूट लांब, वर काळं रेक्झिन. मधोमध खडूची रेघ. अलीकडे मी, पलीकडे तो. मी गिऱ्हाइकाचं माप घेतो आणि शिवतो, तो बेततो आणि कापतो. सांगायचं असेल ते खडूनं टेबलावर लिहायचं. ‘खांदा उतरता.’ ‘अस्तर संपलं.’ ‘पोटाला ढिला ठेव, जेवणारा माणूस आहे.’ दुसऱ्यानं वाचलं की बाहीनं पुसायचं. कामाखेरीज एक अक्षर लिहायचं नाही, असा न ठरवता ठरलेला नियम. माझी बायको म्हणायची, “अहो, सख्खा भाऊ आहे तो तुमचा, सवत नव्हे.” मी तिला सांगायचो, तू आमच्यात पडू नकोस. ती म्हणायची, तुमच्यात पडायला जागा कुठे आहे, मध्ये सात फुटी टेबल आहे.

भांडण कशावरून झालं, तेही सांगून टाकतो. एका इंचावरून.

वडिलांची मापाची एक जुनी पट्टी होती. तिचा पहिला इंच झिजून तुटला होता. वडील ती टाकायला तयार नव्हते. मग दुकानात एक रीत पडली: पट्टी एकाच्या आकड्यावरून लावायची, मापणाऱ्यानं दिसेल तोच आकडा लिहायचा आणि बेतणाऱ्यानं त्यातून एक वजा करायचा. वजाबाकी नेहमी बेतणाऱ्याची. चाळीस वर्षांत एक कपडा बिघडला नाही.

धाकट्याच्या लेकीचं लग्न ठरलं. जावई परदेशातला, स्पॅनिश बोलणारा, उंचापुरा, हसरा. त्याचा लग्नाचा सूट आम्हीच शिवायचा. साखरपुड्याला तो आला तेव्हा मी त्याचं माप घेतलं. घरचं कार्य, कागद जरा नीट असावा म्हणून मी सगळे आकडे वजाबाकी करून स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले. धाकट्यानं रीतीप्रमाणे त्यातून पुन्हा एक-एक वजा केला. बाही इंचानं आखूड, पाठ इंचानं आखूड, छाती इंचानं तंग. ट्रायलला वेळ नव्हता, जावई लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा विमानातून उतरला. लग्नाच्या फोटोच्या वेळी फोटोवाला म्हणाला, जरा ताठ उभे राहा. जावई ताठ उभा राहिला आणि मधलं बटण सुटून थेट कॅमेऱ्यावर आदळलं. सगळा हॉल हसला. जावईसुद्धा हसला. हसलो नाही ते आम्ही दोघंच.

सगळ्यांदेखत मी म्हणालो, “साधी वजाबाकी येत नाही याला.” तो म्हणाला, “मी रीतसर एकच इंच काढलाय.” मी म्हणालो, “मग कापड काय उंदरांनी खाल्लं?” शब्दानं शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, यापुढे तुझ्याशी बोलणार नाही. मी म्हणालो, नको बोलूस, माझं काय अडलंय.

दुसऱ्या दिवशी दुकानात मापाचा कागद माझ्या हाती लागला. माझंच अक्षर. आकड्यांकडे एकदा पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. तेव्हाच पलीकडे जाऊन सांगायला हवं होतं. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या. आठवडा गेला की अशी गोष्ट सांगणं जड जातं, वर्ष गेलं की अशक्यच होतं. कागद मी फाडून टाकला आणि मूग गिळून बसलो. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली तेव्हाही मी सगळी धावपळ केली, सगळ्यांना कळवलं, त्याच्या शेजारी दिवसभर बसलो आणि एक शब्द बोललो नाही. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

तर अशा परिस्थितीत एका सोमवारी टेबलावर लिहिलेलं दिसलं: ‘मंगळ-गुरू ५ ते ६॥ मी नाही.’

आता पाच ते साडेसहा ही आमची गिऱ्हाइकांची वेळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विचारणार कसा? कारण विचारणं कामात बसत नाही. मंगळवारी दुकान बायकोवर सोडून मी त्याच्या मागे मागे गेलो. तो दोन गल्ल्या ओलांडून दातांच्या दवाखान्यात शिरला. म्हटलं, दाढ दुखत असेल बिचाऱ्याची. पण तो जिना चढून वर गेला. वर पाटी होती: स्पॅनिश भाषा वर्ग, सर्व पायऱ्या. खाली कोणीतरी पेनानं लिहिलं होतं: जिन्याच्या पायऱ्या सोडून.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला ठाऊक नाही का? भावोजी लेकीकडे जाणार आहेत. कायमचे. तिथल्या सरकारला भाषेची परीक्षा पास झाल्याचा दाखला लागतो. तो मिळाला की निघाले.”

“मला कोणी सांगितलं नाही,” मी म्हणालो.

“तुमच्याशी बोलतंय कोण?”

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी त्या वर्गात नाव घातलं. का घातलं, असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, तो जे करेल ते मलाही जमतं, म्हणून. हे निम्मंच खरं होतं. तो डोळ्यांसमोर राहावा एवढंच मला हवं होतं.

वर्गाच्या बाई साठीच्या, बारक्या, आवाज मात्र खणखणीत. टेबलावर पितळी घंटी ठेवायच्या. वर्गात स्पॅनिशखेरीज कुठल्याही भाषेतला शब्द तोंडातून निघाला की बाई घंटी वाजवायच्या. खालून दातांच्या मशिनचा आवाज यायचा, मधूनच कोणीतरी कण्हायचं. नवीन क्रियापद आलं की आम्हीही कण्हायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी मला धाकट्याच्या शेजारी बसवलं, कारण तेवढी एकच खुर्ची रिकामी होती. जोडीनं बोलायचं असतं, त्या म्हणाल्या. आजपासून तुमची जोडी.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे. बाई घंटीवर बोट ठेवून वाट बघत होत्या. शेवटी साडेसात वर्षांचं व्रत मोडून माझा भाऊ मला स्पॅनिशमध्ये म्हणाला, “नमस्कार. माझ्याकडे एक निळी पेन्सिल आहे.” मी म्हणालो, “छान. माझ्याकडे दोन मांजरी आहेत.” माझ्याकडे एकही मांजर नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण बाईंनी ‘बिएन’ म्हटलं, म्हणजे शाब्बास.

असे आम्ही बोलायला लागलो. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. एकमेकांना स्टेशनचा रस्ता विचारला, टोमॅटो विकले, डॉक्टर होऊन ताप पाहिला. साडेसहाला जिना उतरलो की पुन्हा तोंडं शिवलेली. ते स्पॅनिश बोलणं आमच्या हिशेबी बोलणं नव्हतं, तो अभ्यास होता. असं दीड वर्ष गेलं आणि आम्ही पुस्तकाच्या शेवटच्या धड्याला आलो.

तो धडा बाईंनी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. बाई म्हणाल्या, हा न घडलेल्या गोष्टींचा भूतकाळ. अमुक केलं असतं तर, तमुक झालं असतं तर. दोन तुकडे जोडायचे. पहिला तुकडा माणसाप्रमाणे बदलतो: मी असेन तर उबिएरा, तू उबिएरास, तो उबिएरा, आम्ही उबिएरामोस, तुम्ही उबिएराइस, ते उबिएरान. दुसरा तुकडा सगळ्यांना एकच. कापणे म्हणजे कोर्तार, त्याचं कोर्तादो. मी कापलं असतं तर: उबिएरा कोर्तादो. आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून की काय, उबिएराच्या जागी उबिएसे म्हटलं तरी चालतं, अर्थ तोच. म्हणजे कोट एकच, अस्तरं दोन. मला हे सगळं ताबडतोब कळलं. आमच्या घरात दुसरा कुठला काळ वापरातच नव्हता.

धाकट्याला मात्र ते काही केल्या जमेना. मी, तू, तो इथपर्यंत गडी धडाधडा जायचा आणि ‘आम्ही’पाशी येऊन अडायचा. दर वेळी तिथंच. बाईंनी समजावलं, रागावल्या, पाठ करून आणायला सांगितलं. उपयोग शून्य.

परीक्षा तोंडी होती आणि जोडीची होती. दोघांना मिळून एकच निकाल: पास तर दोघं, नापास तर दोघं. एकानं सहा रूपं म्हणायची, मग दोघांनी एकमेकांना एक-एक वाक्य बोलायचं. कुठे अडलं तर जोडीदारानं एकदा मदत केलेली चालते. आणि स्पॅनिशखेरीज दुसऱ्या भाषेतला एक शब्द निघाला की परीक्षा तिथंच संपली.

हे नियम ऐकले आणि माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. मी नापास झालो, तर तो नापास होणार. तो नापास झाला, तर जाणार नाही. काही वाईट करायचं नव्हतं. नुसतं चुकायचं. मी सकाळी दाढी करताना आरशासमोर चुकण्याचा सरावसुद्धा केला. तो जमेना. ‘उबिएरान’च्या जागी काहीतरी भलतंच म्हणायला जायचो आणि तोंडातून बरोबरच यायचं. बायकोनं बाहेरून विचारलं, कोणाशी भांडताय?

आणि एकीकडे हा असा कट चालू असताना दुकानात मी काय करावं? परीक्षेच्या आधी पंधरा दिवस टेबलावर त्याच्या बाजूला सहा ओळी दिसल्या. तो पाठ करायला लिहीत होता. चौथी ओळ चुकलेली. मी अर्धा दिवस ती चूक बघत राहिलो. शिंप्याला वाकडी शिवण दिसली की बोटं शिवशिवतात, तसं झालं. दुपारी मी खडू घेतला, रेघ ओलांडली आणि ओळ दुरुस्त केली. संध्याकाळी त्यानं खाली नवीन सहा ओळी लिहिल्या. चौथी पुन्हा चूक. मी पुन्हा दुरुस्त केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच टेबलावर कामाखेरीज काही लिहिलं जात होतं, आणि ते पुसायला कोणाचीच बाही पुढे येत नव्हती.

त्याचा परिणाम बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याला भोगावा लागला. त्याचा काळा कोट मी काज करायला टेबलावर उताणा पसरला आणि नीट दाबून काम केलं. तो कोट घालून तो गृहस्थ एका बड्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत लोकांकडे पाठ करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात आला आणि कोट आमच्यापुढे धरला. पाठीवर खडूनं, उलट्या अक्षरांत, मी-तू-तो-आम्ही-तुम्ही-ते, सगळं व्यवस्थित उमटलेलं. “हे काय आहे?” तो म्हणाला. “लोक मला विचारतायत मी कुठल्या पंथात गेलो.” धाकटा टेबलाखाली काहीतरी शोधायच्या निमित्तानं वाकला. त्याचे खांदे हलत होते. मलाही आवरेना, मी मशिन चालू केलं आणि कापड न घालता सहा इंच शिवलं.

तेव्हा मला वाटलं, आता बोलावं. पण मी पुन्हा उद्यावर टाकलं.

परीक्षेच्या दिवशी बाईंच्या खोलीत तीनच खुर्च्या. खाली कोणाची तरी दाढ काढणं चाललं होतं. बाईंनी डबा पुढे केला, धाकट्यानं चिठ्ठी उचलली. आब्लार. म्हणजे बोलणे. दोनशे क्रियापदांच्या चिठ्ठ्या होत्या त्या डब्यात. मी बाईंकडे संशयानं पाहिलं, त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

“उबिएरा आब्लादो,” त्यानं सुरुवात केली. “उबिएरास आब्लादो. उबिएरा आब्लादो.” आणि थांबला. कपाळावर घाम. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मदत करायची तर आत्ता.

मला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पाच सेकंद. दहा सेकंद. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हातांकडे बघत होता. कात्री धरून धरून त्याच्या अंगठ्याला पडलेला घट्टा मला दिसला. तसाच माझ्याही अंगठ्याला आहे. हा माणूस तीन वर्षं एकटा जेवतोय, माझ्या मनात आलं, आणि मी त्याला लेकीकडेही जाऊ देत नाही.

“उबिएरामोस आब्लादो,” मी म्हणालो. आम्ही बोललो असतो तर.

त्यानं मान हलवली आणि उरलेली दोन्ही रूपं न चुकता म्हणून टाकली. बाईंनी खूण केली. आता वाक्य. तो माझ्याकडे वळला. नेहमीचं वाक्य त्याला येत होतं, छत्री असती तर भिजलो नसतो, आम्ही तेच ठरवलेलं. पण तो सावकाश, एकेक शब्द टाका घातल्यासारखा म्हणाला, “सि तू उबिएरास आब्लादो, यो मे उबिएरा केदादो.”

तू बोलला असतास, तर मी राहिलो असतो.

“बिएन,” बाई म्हणाल्या. वाक्यात खरंच चूक नव्हती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

माझं वाक्य तयार होतं. छत्रीचंच. मी तोंड उघडलं आणि आमच्या भाषेत म्हणालो, “मग राहा ना रे.”

घंटी वाजली.

“तो इंच मीच काढला होता,” मी म्हणालो. “कागदावर. तुझ्या आधी. तुझी काही चूक नव्हती.” घंटी पुन्हा वाजली, पण मी कुठला थांबतोय. “दुसऱ्याच दिवशी कळलं मला.”

“मला लग्नाच्या हॉलमध्येच कळलं होतं,” धाकटा म्हणाला. घंटी. “तुझं अक्षर ओळखता येत नाही का मला? एवढं स्वच्छ लिहिलंस म्हणजे काहीतरी जास्तीचं केलंस.” घंटी. “म्हटलं, हा आपणहून कधी सांगतो बघू.”

“नऊ वर्षं?”

“तुला उशीर होतो हे माहीतच आहे मला. एवढा होईल असं वाटलं नव्हतं.”

बाईंनी घंटी उचलून खणात ठेवली. कागदावर काहीतरी लिहिलं, आमच्याकडे सरकवलं आणि शुद्ध आपल्या भाषेत म्हणाल्या, “दोघंही नापास. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.” मग चष्मा काढून पुसत बसल्या.

जिन्यात आलो तर दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. सवयच नव्हती. तो म्हणाला, “जाणार तर मी आहेच. लेक वाट बघतेय.”

“जा की,” मी म्हणालो. “तुला अडवलंय कोणी?” आणि मग, आवाज नीट करून, “मी अडवलं. आत्ताच. माझ्यामुळे दाखला गेला तुझा.”

“गेला,” तो म्हणाला. फोन काढून त्यानं लेकीला लावला. “नापास झालो गं. नाही, नाही, सगळं आलं मला. दादा मध्येच बोलला.”

दादा. हा शब्द मी नऊ वर्षं ऐकला नव्हता. 

 पलीकडून तिचा आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू आला. “कोण बोललं? तुमच्याशी?” धाकट्यानं फोन माझ्या हातात दिला.

“मोठे काका?”

“बोल, बाळा,” मी म्हणालो. ती हसत होती की रडत होती, ते कळेना. मी म्हणालो, “माझ्यामुळे तुझे बाबा सहा महिने लांबले. रागाव मला.”

“राहू देत ना सहा महिने,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं बोला पोटभर. पण काका, पुढच्या वेळी तुम्हीच त्यांचा अभ्यास घ्या, आणि पास करून पाठवा त्यांना माझ्याकडे. पाठवाल ना?”

धाकटा जिन्याच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत उभा होता. डोक्यावरचे केस पार पांढरे झालेले. रोज समोर बसून मला ते दिसले नव्हते.

“पाठवतो,” मी म्हणालो. “मी स्वतः विमानात बसवून देतो.” 

त्यानं फोनसाठी हात पुढे केला. मी फोन दिला आणि त्याचा हात तसाच धरून पायऱ्या उतरायला लागलो. म्हटलं, “चल. वाटेत बोलू.”